घरी ऑइल बदललं, पण काळं ऑइल कुठे टाकलं?

स्पोर्ट्स कार असो की बोरी बुद्रुकच्या अंगणातला ट्रॅक्टर, ऑइल बदलायची रीत साधारण तीच. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा. कोमट ऑइल पातळ होतं, घाण घेऊन उतरतं. कारखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर शिरू नका, स्टँड लावाच. ड्रेन नट काढा, ऑइल घमेल्यात घ्या. फिल्टर आणि नटाचा वायसर नवा टाका. ग्रेड आणि लेव्हल मॅन्युअलप्रमाणेच.

आता खरा मुद्दा. काळं ऑइल ओढ्यात ओतलं, तर पहिल्या पावसात ते कुकडीत जाणार. तेच पाणी आपण शेताला देतो! केंद्राच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. म्हणून झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि रिसायकलिंगला पाठवणाऱ्या गॅरेजमध्येच द्या.