ती साधी झोप नव्हे!

“झोपेचंच औषध ना, डॉक्टरबाई? मग एवढं काय त्यात?”

भूलतज्ज्ञ म्हणून हा प्रश्न मी आजवर कितीदा ऐकला असेल, त्याला गणती नाही. त्या रात्री तो विचारणारे गृहस्थ शाळामास्तर होते. त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी संध्याकाळपासून फिटमध्ये होती. शेजाऱ्यांनी कांदा हुंगवला, हातात किल्ल्या दिल्या. त्यात तासभर गेला. (फिट पाच मिनिटांत थांबली नाही, तर सरळ इस्पितळ गाठावे. कांदा भज्यांसाठी ठेवावा!) इस्पितळात लोराझेपाम झाले, मागून फेनिटॉइन झाले, झटके हटेनात. अशा वेळी मेंदूलाच पुरती भूल द्यावी लागते, आणि मला बोलावणे येते.

मास्तरांना बाकावर बसवून मी म्हटले, “ही घरची झोप नव्हे. हिच्यात श्वासही मंदावतो, म्हणून घशात नळी आणि श्वासाचं यंत्र. रक्तदाब उतरतो, तो सावरायला आणखी एक औषध.”

थायोपेंटोन हे यातले जुने औषध. ते चरबीत मुरते, आणि बंद केल्यावरही माणूस कित्येक दिवस जागा होत नाही. आतडी सुस्तावतात, छातीत संसर्ग शिरतो. म्हणून आम्ही प्रोपोफॉल निवडले. हे दुधासारखे पांढरे औषध सोयाबीनच्या तेलात केलेले असते. तासा-दोन तासांच्या शस्त्रक्रियेत याच्यासारखा गुणी सोबती नाही. पण तेच मोठ्या मात्रेत दिवसरात्र चालू ठेवले, तर क्वचित एखाद्या रोग्याच्या पेशींना चरबी जाळून शक्ती काढणे जमेनासे होते. रक्तातले आम्ल वाढते, स्नायू विरघळू लागतात, त्यांचा गाळ मूत्रपिंडात अडकतो, पोटॅशियम चढते आणि हृदय थकते. १९९२ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी अशा पाच मुलांच्या मृत्यूची हकिगत छापली. ती मुले फिटची नव्हती, श्वसनमार्गाच्या आजाराची होती. पण धास्ती सगळ्यांनीच घेतली. तासाला दर किलो वजनामागे ४ मिलिग्रॅमच्या वर, ४८ तासांपलीकडे जाऊ नये, असा दंडक पुढे रूढ झाला.

दुसऱ्या रात्री मुलीची लघवी कोऱ्या चहासारखी झाली. स्नायू झिजल्याचा रक्तातला आकडा चढत होता. तो नुसत्या फिटनेही चढतो, म्हणून बरोबरचे तरुण डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत पाहू. पण आम्लही वाढले होते आणि नाडी मंदावली होती. मला धीर धरवेना. मी प्रोपोफॉल बंद करून मिडाझोलाम सुरू केले. या बदलात फिट उलटली असती, तर दोष माझ्याच माथी येता. मास्तरांना हे सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “मग ते दिलंतच कशाला?”

“फिट तशीच चालू राहिली असती, तर मेंदू गेला असता, मास्तर.”

नवव्या दिवशी तिने डोळे उघडले. मूत्रपिंडे सावरली; पाय मात्र लटपटत होते, जिना चढायला दीड महिना लागला.

मास्तर दर दिवाळीला लेकीसह चिवड्याचा डबा घेऊन येतात आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतात. मीही तेच उत्तर देते. मग मुलगी म्हणते, “बाबा, चहा निवतोय.”