बुधवारचा निकाल

"या वेळी पी.ई. गेली." अमेरिकेत सिव्हिल इंजिनिअर असलेल्या मुलाचा किंवा सुनेचा असा फोन आला, की इकडे घरात आधी काळजी आणि मग प्रश्न. बी.ई. झालं, एम.एस. झालं, नोकरीलाही चार-पाच वर्षं झाली. आता ही परीक्षा कसली? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे वास्तुविशारदांसाठी १९७२चा कायदा आहे, महापालिका आपापल्या हद्दीत स्ट्रक्चरल इंजिनिअरना परवाने देतात, पण सगळ्या अभियंत्यांना लागू होणारी देशव्यापी परवाना-परीक्षा नाही. पदवीचा कागद हाती आला की माणूस इंजिनिअर होतो.

तिकडे पूल, इमारत, जलवाहिनी यांचे नकाशे सरकारदरबारी द्यायचे तर त्यांवर 'प्रोफेशनल इंजिनिअर'ची, म्हणजे पी.ई.ची, सही आणि शिक्का लागतो. उद्या काही कोसळलं तर जाब त्या शिक्क्याच्या मालकाला विचारतात. असा शिक्का मारायचा परवाना पहिल्यांदा सुरू केला वायोमिंग राज्याने, १९०७ साली. पाण्याच्या हक्कांसाठी येणाऱ्या अर्जांसोबतचे नकाशे या कामाचं शिक्षणच नसलेली माणसं काढून देतात, हे तिथले राज्य अभियंता क्लॅरन्स जॉन्स्टन यांच्या लक्षात आलं होतं. पुढच्या काही राज्यांना हाच धडा फार महाग पडला. कॅलिफोर्नियात १२ मार्च १९२८च्या रात्री सेंट फ्रान्सिस धरण फुटलं, चारशेहून अधिक माणसं गेली आणि पुढच्या वर्षी सिव्हिल इंजिनिअरांच्या नोंदणीचा कायदा आला. टेक्ससमध्ये १८ मार्च १९३७ला न्यू लंडन इथल्या शाळेत वायुगळतीने स्फोट झाला, जवळजवळ तीनशे जीव गेले, त्यांत बहुतेक मुलं. त्याच वर्षी तिथेही कायदा झाला. ज्या पुणेकर घरांत पानशेत धरण फुटल्याची आठवण अजून निघते, तिथे या कडकपणाचं कारण वेगळं सांगावं लागणार नाही.

परवाना राज्य देतं. परीक्षा मात्र 'एनसीईईएस' घेते. सगळ्या राज्यांची परवाना मंडळं या संस्थेची सभासद आहेत. आधी एफ.ई. ही प्राथमिक परीक्षा, मग साधारण चार वर्षांचा अनुभव, मग पी.ई. काही राज्यं अनुभव पुरा होण्याआधीही पी.ई.ला बसू देतात. सिव्हिलमध्ये पाच शाखा आहेत: बांधकाम, भूतंत्र, संरचना, वाहतूक आणि जलसंपदा-पर्यावरण. त्यांतली एक निवडायची.

पूर्वी ही परीक्षा कागदावर होई, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. पुस्तकं न्यायला मुभा होती, त्यामुळे लोक चाकांच्या बॅगा भरून परीक्षेला येत. २०२२पासून ती संगणकावर, वर्षभर, पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रांवर होते. प्रश्न ८०, वेळ आठ तास, मध्ये ५० मिनिटांची सुट्टी. म्हणजे प्रश्नामागे सरासरी सहा मिनिटं. सुट्टीआधीचा भाग एकदा सोपवला की त्याकडे परतता येत नाही. पुस्तकं आत नेता येत नाहीत. संस्थेची संदर्भपुस्तिका पडद्यावरच उघडते आणि शब्द टाकून तिच्यात शोधायचं असतं. कॅल्क्युलेटर ठरावीक मॉडेलचेच चालतात, आणि आपल्या कॉलेजांत जो जवळपास प्रत्येकाकडे असतो तो कॅसिओचा एफएक्स-९९१ त्या यादीत आहे. आणखी एक बाब आपल्या लोकांनी मुद्दाम पाहावी: नोंदणीतलं नाव ओळखपत्राशी जुळायला हवं. वडिलांचं नाव कधी मधल्या रकान्यात, कधी पहिल्या नावाला जोडून, असा आपला घोळ असतो. तो परीक्षेच्या दिवशी दारात निस्तरत बसायची वेळ येऊ देऊ नये.

आता नापास झालेल्याचं. पास झालेल्याला गुण कळत नाहीत, नुसतं 'पास' दिसतं. नापास झालेल्याला मात्र एक निदानपत्र मिळतं. विषयाच्या प्रत्येक भागात किती प्रश्न होते, तुमची कामगिरी कशी होती आणि पास झालेल्यांची सरासरी कुठे होती, हे त्यात आडव्या पट्ट्यांनी दाखवलेलं असतं. दुसऱ्या प्रयत्नाची सगळी तयारी या एका कागदावरून सुरू व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. पण तो वाचताना एक चूक सर्रास होते. सगळ्यात आखूड पट्टी दिसली की माणूस तिच्यावरच तुटून पडतो. समजा तो भाग चारच प्रश्नांचा आहे. तिथे एक उत्तर इकडचं तिकडे झालं तरी पट्टी चांगलीच हलते, आणि महिनाभर घासूनही हाती लागतील एक-दोन प्रश्न. त्याउलट बारा प्रश्नांच्या भागात पट्टी सरासरीहून थोडीशीच मागे असेल, तर खरी वसुली तिथे आहे. आधी प्रश्नांची संख्या बघायची, मग पट्टीची लांबी.

निदानपत्र चूक कुठे झाली ते सांगतं, का झाली ते सांगत नाही. ते स्वतःच शोधावं लागतं. भारतात शिकलेल्यांच्या बाबतीत पहिला संशय एककांवर घ्यावा. आपला हात मीटर-न्यूटनवर बसलेला, आणि बरेचसे प्रश्न येतात फूट, पाऊंड, गॅलनमध्ये. उघड्या नाल्यातल्या प्रवाहासाठी मॅनिंगचं सूत्र आपण सगळे शिकलो आहोत. मीटरमध्ये त्यातला स्थिरांक १ असतो, म्हणून तो कुणी लिहीतही नाही. फुटांमध्ये तो १.४९ होतो. तो विसरला की उत्तर एक-तृतीयांशाने कमी येतं, आणि नेहमीच्या चुकीतून निघणारं असं उत्तर पर्यायांत असेल तर माणूस समाधानाने त्यावर खूण करून पुढे जातो. दुसरा संशय संदर्भपुस्तिकेवर. घरी छापील प्रतीची पानं उलटून अभ्यास केलेला असला की केंद्रात नेमका कोणता शब्द शोधायचा हे सुचत नाही आणि सहातली तीन मिनिटं तिथेच जातात. दुसऱ्या खेपेचा सराव पडद्यावरच करावा.

पुन्हा बसायला वर्षभर थांबावं लागत नाही. वर्षाचे तीन-तीन महिन्यांचे चार भाग पाडलेले आहेत. एका भागात एकदा, आणि बारा महिन्यांत जास्तीत जास्त तीनदा बसता येतं. काही राज्यांच्या स्वतःच्या अटी असतात, त्या आधी बघाव्यात. शुल्क दर वेळी नव्याने, ४०० डॉलर. इतक्या लवकर पुन्हा बसता येतं म्हणून लगेच बसावंच असं नाही. पुन्हा बसणाऱ्यांचं पास होण्याचं प्रमाण पहिल्यांदा बसणाऱ्यांपेक्षा कमी असतं, हे संस्था स्वतःच प्रसिद्ध करत असलेल्या आकड्यांत दिसतं. माझ्या मते यामागे मोठं कारण हे की, माणूस तीच पुस्तकं त्याच क्रमाने पुन्हा वाचतो. आणि मागचे प्रश्न आठवून ठेवण्यातही हशील नाही. दर उमेदवाराला प्रश्नांचा वेगळा संच येतो.

मग येतं वाट पाहणं. परीक्षा संगणकावर असूनही निकाल त्याच दिवशी लागत नाही. साधारण सात ते दहा दिवसांनी, बहुधा बुधवारी, ईमेल येतो. त्या दिवसांत 'ऐंशीपैकी किती बरोबर असले की पास?' हा हिशेब प्रत्येक जण मांडतो, आणि त्याचं उत्तर मिळत नाही. उत्तीर्णतेची रेषा संस्था जाहीर करत नाही. ती टक्क्यांनी आधी ठरलेली नसते, आणि अमुक टक्के लोक पास करायचे असंही नसतं. जाणकार अभियंत्यांची समिती एकेक प्रश्न घेऊन विचार करते: परवाना देण्याइतपत, अगदी काठावरच्या अभियंत्याला हा किती जमावा? त्यातून रेषा ठरते. एका संचात प्रश्न जरा अवघड, दुसऱ्यात सोपे, असा फरक गुण मोजताना भरून काढला जातो. चुकलेल्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. काही प्रश्न पुढच्या परीक्षांसाठी नुसते पारखून पाहायचे असतात, त्यांचे गुण धरत नाहीत आणि ते कोणते हे कळत नाही. हे लक्षात घेतलं तर घरी परतल्यावर आठवून आठवून मांडलेली बेरीज किती लटकी असते ते समजेल. प्रश्नपत्रिका परत पाहायला मिळत नाही. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवून पेपर पुन्हा तपासायला टाकायची आपली विद्यापीठातली सवय इथे कामाला येत नाही.

अमेरिकेत बुधवारची सकाळ असते तेव्हा आपल्याकडे दिवेलागणी झालेली असते. फोन येतो, 'पास' म्हणून कळतं आणि पेढे आणले जातात. पण परवाना अजून यायचा असतो. राज्याच्या मंडळाकडे अर्ज, अनुभवाचा तपशील, ज्यांच्या हाताखाली काम केलं त्या परवानाधारकांची शिफारसपत्रं, भारतातल्या पदवीचं मूल्यमापन. कॅलिफोर्नियात तर भूकंप आणि सर्वेक्षण यांवरच्या आणखी दोन परीक्षा. हे सगळं जुळल्यावर परवान्याचा क्रमांक येतो आणि त्या क्रमांकाचा शिक्का बनवून घेता येतो. तोवर नावापुढे 'पी.ई.' लावणं कायद्यात बसत नाही. घरच्या व्हॉट्सॲप गटावर अभिनंदन जरूर करावं. ती दोन अक्षरं मात्र क्रमांक आल्यावर लिहावीत.