चिडका कुंचला आणि भामरागडचं मुसळ

राग आला की या कुंचल्याच्या डोक्यावरचे केस भडाभडा पेटतात. ‘इनॅनिमेट इन्सॅनिटी’ या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेतला हा स्पर्धक. ॲडम कॅट्झ यांनी ती २०११ मध्ये यूट्यूबवर सुरू केली. पहिल्या पर्वात रोजच्या वापरातल्या वस्तू १० लाख डॉलरच्या बक्षिसासाठी झुंजल्या. दुसऱ्या पर्वात कुंचल्याला संघप्रमुख मिळाला तो खुळचट बल्ब. कुंचल्याला जिंकायचं असतं, बल्बला मजा करायची असते. दोघांची जुंपली की कथा आपोआप पुढे सरकते.

वस्तूंच्या अशा स्पर्धा-मालिकांचा पाया कॅरी आणि मायकेल हुआंग या जुळ्या भावांनी घातला. १ जानेवारी २०१० रोजी ‘बॅटल फॉर ड्रीम आयलंड’चा पहिला भाग आला, तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. खोडरबर, पेन्सिल, टाचणी, आगकाडी, बर्फाचा खडा असे २० स्पर्धक होते आणि बक्षीस होतं एक बेट. बाहेर कोणी जायचं, हे प्रेक्षकांची मतं ठरवत. वाचलेल्यांना केक मिळे, हरलेल्याची रवानगी एका चिमुकल्या खोलीत होई. दोन वर्षांनी फायरी नावाची ज्योत जिंकली. तोवर जगभरची मुलं आपापल्या वस्तूंच्या स्पर्धा रचू लागली होती.

मुलांना हे जमलं, कारण चित्र सोपं असतं. वस्तूचा आकार, दोन डोळे, एक तोंड, काड्यांसारखे हातपाय. सेकंदाला १२ चित्रं धरली तरी १० सेकंदांना १२० लागतात. पण धड तेच ठेवून फक्त तोंडाचे आकार बदलले, की मेहनत खूप वाचते. अवघड असतो तो स्वभाव. कुंचल्याचा राग पटतो, कारण तो त्याच्या केसांतूनच पेट घेतो. वस्तू कशाची बनली आहे आणि काय काम करते, यातूनच तिचा स्वभाव उगवायला हवा.

म्हणूनच मला हा खेळ भामरागडच्या मुलांच्या हाती हवा आहे. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावतीच्या संगमावरच्या या तालुक्यात घरोघरी माडिया बोलली जाते आणि मुलं शाळेत मराठी शिकतात. जवळच हेमलकसा इथे लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये उभा राहिला. १९७६ मध्ये तिथे आश्रमशाळा सुरू झाली. इथल्या मुलाला पात्रं शोधायला लांब जावं लागणार नाही. मुसळ घ्या. दिवसभर आपटून घेणारं ते, तापट असणारच. रागावलं की एकच ठोका, आणि अंगणातलं धान्य उडालंच पाहिजे. वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा आतून पोकळ, म्हणून आवाज घुमणारा आणि मन पटकन दुखावणारं. कुऱ्हाड मोजकं बोलेल. मोहफुलांची टोपली सगळ्यांना सामावून घेईल. स्पर्धाही इथल्याच: भरल्या नदीतून पैलतीर गाठणं, पहाटे सर्वांत आधी मोहाखाली पोचणं.

जात्याशी बोलत दळण दळणाऱ्या आपल्या बायकांना वस्तूशी बोलणं नवं नव्हतं. आता वस्तूनं उलट उत्तर द्यायचं आहे, आणि मुसळ भांडेल ते माडियातच. खाली मराठी ओळी द्याव्यात, म्हणजे पुण्या-मुंबईच्या मुलांनाही भांडण कळेल. एक वही, एक मोबाईल आणि मुलांचे आवाज एवढ्यावर सुरुवात होते. शिक्षकांनी दिवाळीच्या सुटीनंतर आठवड्याचा एक तास यासाठी द्यावा. कोण बाद होणार, हे वर्गानं हात वर करून ठरवावं.