पळी बायांच्या हाती, निर्णय कुणाच्या?

चेन्नईच्या ‘अम्मा उणवगम’मध्ये २०१३ च्या फेब्रुवारीपासून १ रुपयात इडली आणि ५ रुपयांत सांबारभात मिळू लागला. महापालिकेच्या या खानावळी चालवतात त्या बचत गटांतल्या बाया. त्यामुळे मजुराचे पोट भरते आणि वस्तीतल्या हातांना कामही मिळते. पण खानावळ कुठे असावी, भाव काय ठेवावा, तोटा किती सोसावा, हे त्या बाया ठरवत नाहीत. ही योजना आहे, हक्क नाही. महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी १९७७ मध्ये कायद्यात बसवली, तेव्हा काम मागणारा मजूर हक्कदार झाला. मदत आणि हक्क यांत हे अंतर असते.

शहरांसाठी कायदाच नाही, असे मात्र नाही. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली. तिच्या १८ विषयांत नागरी दारिद्र्य निर्मूलन आणि झोपडपट्टी सुधारणा आहेत. तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्याही सांगितल्या. मात्र हे विषय राज्याने पालिकेकडे सोपवलेच पाहिजेत, अशी सक्ती केली नाही. चेन्नईत तर २०१६ ते २०२२ या काळात निवडून आलेले नगरसेवकच नव्हते. कोविडचे संकटही प्रशासनानेच हाताळले. प्रभागातल्या रहिवाशांच्या क्षेत्रसभांचे नियम तिथे झाले ते २०२२ मध्ये, घटनादुरुस्तीनंतर जवळपास तीस वर्षांनी.

वस्तीच्या हाती पैसा दिला तर तो गल्लीतल्या दादांच्या घशात जाईल, असा आक्षेप घेतला जातो. ही भीती खोटी नाही. पण बंद दाराआड झालेला खर्च तपासणे त्याहून अवघड असते. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार दिला आणि आंध्र प्रदेशात गावासमोर हजेरीपट वाचले गेल्यावर खोटी नावे उघडी पडली. पूरनियंत्रण, मोठी गटारे ही कामे साऱ्या शहराचीच, हेही मान्य. अंगणवाडी, रेशन, खानावळ यांची गरज मात्र वस्तीलाच नेमकी कळते. म्हणून क्षेत्रसभेला अंदाजपत्रकातला ठरलेला वाटा आणि हिशेब तपासण्याचा अधिकार कायद्यानेच मिळायला हवा. मुंबईची महापालिकाही मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती होती. तेव्हा ही मागणी आपल्याही प्रभागातून उठली पाहिजे.