न खणतां वाचलेली पांढरी

शहापूर-मुरबाडहून पूर्वेस सह्याद्रीची जी भिंत दिसते, तिच्या माथ्यावर आहुप्याजवळ घोड नदी उगम पावते. ती देशावर उतरून शिरूर तालुक्यांत इनामगांवाजवळून वाहते. तेथें तिच्या कांठीं मातीचीं टेकाडें आहेत. वाटसरूस तीं साधे उंचवटे वाटतील. परंतु इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत तेथें माणसें नांदत होतीं.

देशावर पिकाच्या जमिनीस काळी व वस्तीच्या जागेस पांढरी म्हणतात. मातीच्या भिंती पडाव्या, चुलींतील राख व शेण सांचावें, त्यावर नवें घर उठावें, असें पिढ्यान् पिढ्या चाललें म्हणजे भुई उंच होते आणि तिचा रंगही पालटतो. पांढरीची माती उत्तम खत समजली जाते. म्हणून गाड्या भरभरून ती शेतांत नेऊन टाकतात व टेकाड दिवसेंदिवस झिजतें.

पण एकट्या शेतकऱ्यास दोष कसा द्यावा? संशोधकही थर मोडीतच खालीं जातो. डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर प्रभृति विद्वानांनीं १९६८ ते १९८३ पर्यंत इनामगांवीं उत्खनन केलें. शंभरांहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. घरांच्या भुईखालीं, तोंडास तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरलेलीं बालकें सांपडलीं. हें ज्ञान अमोल खरें. तथापि एकदां खणलेला थर पुन्हां खणतां येत नाहीं. म्हणून खणण्यापूर्वीं, आणि साधल्यास खणण्याऐवजीं, पाहण्याची विद्या निघाली.

तिचा पहिला पाठ शाळकरी मुलासही समजेल. टेकाडावर दोऱ्यांनीं चौकोन आंखावयाचे, पायीं फिरावयाचें, आणि कोणत्या चौकोनांत किती व कशीं खापरें दिसलीं तें वहींत मांडावयाचें. तांबड्या खापरावर काळी नक्षी दिसली, तर तें जोर्वे पद्धतीचें असेल असा तर्क करतां येतो. सुंदर म्हणून तें खिशांत घातलें, कीं वहींतील तो चौकोन खोटा झाला!

पुढचा पाठ यंत्रांचा. ओली माती विजेस वाट देते, दगड ती अडवितो. म्हणून जमिनींत सळया रोवून सौम्य प्रवाह सोडला असतां पुरलेली दगडी भिंत ओळखतां येते. इंग्लंडांत ॲटकिन्सन यांनीं १९४६ सालीं प्राचीन स्थळावर हा उपाय योजिला. दुसरें यंत्र चुंबकत्व मापतें. मातींत लोहाचे सूक्ष्म कण असतात. ती भट्टींत तापून निवली, कीं पृथ्वीच्या चुंबकत्वाचा ठसा त्यांत उमटून राहतो. तीन हजार वर्षांपूर्वीं विझलेल्या भट्टीची खूण अशी जमिनीवरूनच वाचतां येते.

मात्र आपल्या मुलखांत हीं यंत्रें सुखानें चालत नाहींत. सह्याद्रीचा काळा कातळ स्वतःच चुंबकत्व बाळगतो व भट्टीची खूण झांकून टाकतो. भर पावसाळ्यांत सारीच माती भिजते आणि विजेस फरक कळेनासा होतो. शिवाय मातींत पडलेली मातीची भिंत ओळखणें दगडी भिंतीहून कितीतरी कठीण. म्हणून यंत्राचा नकाशा आणि खापरांची वही शेजारीं ठेवून ताडून पाहावीं लागतात.