तळ्यातला ड्रॉपर

शहागंजच्या बाजारातून शाईचा एक ड्रॉपर आणा. त्याचा रबरी फुगा दाबा, टोक पाण्यात बुडवा आणि फुगा सोडा. पाणी झपकन आत चढते. ड्रॉपर पाणी 'ओढतो' असे आपण म्हणतो; खरे तर आतला दाब कमी झाल्यामुळे बाहेरचा दाब ते आत ढकलतो. नेमक्या याच युक्तीवर पोट भरणारी एक वनस्पती आहे.

युट्रिक्युलेरिया ऑरिया हे तिचे शास्त्रीय नाव. तळी, डबकी, भातखाचरे अशा संथ पाण्यात ती तरंगते. पावसाळ्यात कासच्या पठारावर निळ्याजांभळ्या फुलांनी बहरणारी 'सीतेची आसवे' तिच्याच प्रजातीतली. हिची फुले मात्र पिवळीधमक, सेंटीमीटरभर, दोन ओठांची. वीतभर दांड्यावर ती पाण्याबाहेर डोलतात. पाण्याखाली केसांसारखी चिरलेली पाने असतात. मूळ शोधू नका, ते नसतेच.

मग नायट्रोजन, फॉस्फरस मिळायचे कोठून? पानांवर काही मिलिमीटर आकाराचे फुगे असतात. त्यांच्या भिंतीतील ग्रंथी आतले पाणी सतत बाहेर टाकतात. भिंती आत खचतात आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा वातावरणीय दाबाच्या सुमारे एकसप्तमांशाने कमी होतो. तोंडाशी एक झडप, झडपेवर ताठ केस. पाणपिसू केसाला लागली की झडप आत वळते, भिंती उसळून फुगतात आणि पाण्याबरोबर पिसूही आत जाते. मग पाचक रस आपले काम करतात.

१८७५ साली डार्विनने कीटकभक्षक वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. प्राणी डोके खुपसून स्वतःच आत शिरतात, असे त्याला वाटले. त्यात त्याचा दोष नाही. २०११ साली फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केले, तेव्हा झडप सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागात उघडताना दिसली! आत खेचल्या जाणाऱ्या पाण्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सहाशेपटीपर्यंत जाते. डोळ्याची पापणी लवेपर्यंत सारे आटोपलेले असते.

फुले हवेत आणि सापळे पाण्यात, हेही बरेच. परागण करणारे कीटक भक्ष्य होत नाहीत. ही वनस्पतीची हुशारी म्हणण्याचा मोह होतो, पण मी भौतिकशास्त्राचा माणूस, तो आवरतो.

अर्ध्या तासात फुगा पुन्हा सज्ज होतो. फांदी पाण्याबाहेर उचलून कानाशी धरली, तर कधीकधी बारीक तडतड ऐकू येते: फुगे पाण्याऐवजी हवा आत घेत असतात.