पाळीचं गणित आणि झोप

2017 च्या जूनमध्ये अमेरिकी नौदलाची ‘फिट्झगेराल्ड’ ही विनाशिका जपानजवळ एका मालवाहू जहाजावर आदळली. सात खलाशी गेले. ऑगस्टमध्ये सिंगापूरजवळ त्याच नौदलाची ‘जॉन मॅकेन’ ही विनाशिका एका तेलवाहू जहाजाला धडकली, आणखी दहा गेले. चौकशीत प्रशिक्षण आणि नेतृत्वातल्या त्रुटींबरोबर थकवाही पुढे आला.

अनेक जहाजांवर पाच तास पहारा, दहा तास सुट्टी अशी पाळी चालायची. कागदावर सुट्टी भरपूर दिसते. पण हे चक्र पंधरा तासांचं, आणि दिवस चोवीसचा. आज पहाटे दोन ते सात पहारा, मग संध्याकाळी पाच ते रात्री दहा, पुढचा सकाळी आठला. झोपेची वेळ रोज सरकते. शिवाय सुट्टीतच जेवण, साफसफाई, देखभाल, कवायती उरकायच्या.

आपल्या मेंदूतलं घड्याळ प्रकाशानुसार जुळतं आणि ते इतक्या वेगाने सरकत नाही. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतकी मंदावते, हे प्रयोगांत दिसलं आहे. जिद्दीने त्यावर मात करता येत नाही; म्हणूनच झोपेला कमजोरी समजणं मला धोक्याचं वाटतं.

उपाय साधा होता : तीन तास पहारा, नऊ तास सुट्टी. बारा तासांचं चक्र, म्हणून रोज तीच वेळ. अपघातांनंतर त्या नौदलाने युद्धनौकांवर शरीराच्या घड्याळाशी जुळणाऱ्या अशा पाळ्या लावण्याचा आदेश काढला. हा आदेश सतरा जीव जाण्याआधीच निघायला हवा होता.